रुग्णांची शाळा भरवणारा डॉक्टर

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एसटीतून निवृत्त झालेले एक चालक दर महिन्याला माझ्या ओपीडीत यायचे. इन्सुलिन सुरू करून तीन महिने झाले, तरी त्यांची साखर काही केल्या उतरत नव्हती. दर खेपेला मी डोस थोडा वाढवायचो आणि पथ्यावरून त्यांना चार शब्द सुनवायचो. ते मान खाली घालून ऐकून घ्यायचे. एकदा त्यांची सून सोबत आली होती. घरी इन्सुलिन कसे घेता ते जरा करून दाखवा, असे मी सहज म्हणालो. काकांनी पिशवीतून बाटली आणि सिरिंज काढली. सिरिंजचे टोपण केशरी होते.

आमच्याकडून मिळणारी बाटली एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली. तिला लाल टोपणाची सिरिंज लागते. केशरी टोपणाची सिरिंज १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी असते. लाल सिरिंज संपल्या म्हणून त्यांनी बाहेरून दुसऱ्या आणल्या होत्या. २० च्या खुणेपर्यंत औषध भरले तरी शरीरात जात होते फक्त ८ युनिट. काका पथ्य पाळत होते, सुईही रोज टोचून घेत होते. पुढे मागे मी वाढवलेला डोस त्यांनी योग्य सिरिंजने घेतला असता, तर साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतले असते. मी त्यांना सांगितले होते, पण शिकवले नव्हते.

त्या संध्याकाळी मला डॉ. इलियट जोस्लिन आठवले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना हे नाव मधुमेहाच्या जाडजूड ग्रंथावरून ठाऊक असते. पण त्यांचे मोठे काम ग्रंथाबाहेरचे आहे. मधुमेहाच्या रुग्णाला शिकवणे म्हणजे उपचाराला जोडलेली एखादी पुरवणी नव्हे, तो उपचारच आहे, हे त्यांनी आयुष्यभर मानले आणि करून दाखवले.

जोस्लिन यांचा जन्म ६ जून १८६९ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑक्सफर्ड या लहानशा गावी झाला. वडिलांचा जोडे बनवण्याचा कारखाना होता. घर सुखवस्तू, पण वळण कडक आणि धार्मिक. लवकर उठावे, वेळ वाया घालवू नये, प्रत्येक गोष्टीचा हिशेब ठेवावा, हे संस्कार त्यांच्यात शेवटपर्यंत टिकले. येल विद्यापीठात त्यांनी शरीरातल्या रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि १८९५ मध्ये हार्वर्डमधून ते डॉक्टर झाले.

विद्यार्थी असतानाच, १८९३ मध्ये, एक आयरिश तरुणी त्यांच्या पाहण्यात आली. तिला मधुमेह होता. तिची माहिती त्यांनी एका वहीत लिहून ठेवली. पुढे येणाऱ्या प्रत्येक मधुमेही रुग्णाची नोंद ते अशीच ठेवत गेले. वय, वजन, लघवीतली साखर, आहार आणि शेवटी त्या माणसाचे काय झाले, हे सारे त्यात असे. रुग्ण गाव सोडून गेला तर पत्र पाठवून चौकशी होई. त्या एका वहीचे पुढे अनेक खंड झाले. तो रोग वर्षानुवर्षे कसा वागतो हे जगाला ज्या नोंदींमधून कळले, त्यांत या खंडांचे स्थान फार वरचे आहे.

त्या काळी मधुमेहावर औषध नव्हते. लहान मुलाला हा आजार झाला की तो बहुधा काही महिन्यांत, फार तर दोन-तीन वर्षांत जाई. उतारवयात होणारा मधुमेह तुलनेने सौम्य असे, पण तोही माणसाला पोखरून काढी. १८९८ मध्ये जोस्लिन यांनी बोस्टनमध्ये व्यवसाय सुरू केला. त्यानंतर थोड्याच काळात त्यांच्या आईलाच मधुमेह असल्याचे निदान झाले आणि वहीत तिचीही नोंद झाली. काटेकोर आहाराच्या बळावर ती माऊली दहा वर्षांहून अधिक जगली. हातात एकही औषध नसताना मिळालेली ती वर्षे होती. रोज ताटात काय पडते, यावर आयुष्याची लांबी ठरू शकते, हे मुलाला घरातच दिसले.

एकाच रोगाला वाहून घेणारे डॉक्टर तेव्हा अमेरिकेत जवळपास नव्हतेच. जोस्लिन हळूहळू तसे झाले. १९१४ च्या सुमारास न्यूयॉर्कचे डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांनी उपासाचा उपचार पुढे आणला. रुग्णाला आधी लघवीतली साखर नाहीशी होईपर्यंत उपाशी ठेवायचे आणि मग अगदी मोजके अन्न सुरू करायचे, अशी ती पद्धत. जोस्लिन यांनी ती उचलून धरली. रुग्ण हाडांचे सापळे होत, पण काही काळ अधिक जगत. आजच्या नजरेला हा उपचार क्रूर वाटतो. पण दुसरी वाट नव्हती.

या उपचाराने एक गोष्ट मात्र उघड केली. तो करणार कोण? डॉक्टर महिन्यातून एकदा भेटणार. बाकीचे सगळे दिवस, तिन्ही त्रिकाळ, उपचार करायचा तो रुग्णाने किंवा घरातल्या बाईने. अन्न ग्रॅममध्ये तोलायचे. भाज्यांमधला पिष्टमय भाग निघून जावा म्हणून त्या तीन-तीनदा उकळून पाणी फेकून द्यायचे. लघवीत साखर आहे का, हे घरच्या घरी तपासायचे. ही तपासणी बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणाची. त्यात लघवीचे थोडे थेंब टाकून उकळले की साखर नसल्यास रंग निळाच राहतो, आणि साखर असल्यास हिरवा, पिवळा होत होत विटकरी लालापर्यंत जातो. माझ्या पिढीच्या डॉक्टरांनीही एमबीबीएसला स्पिरिटच्या दिव्यावर ही परीक्षानळी धरलेली आहे.

हे सारे रुग्णाला जमायचे तर त्याला शिकवायलाच हवे. १९१६ मध्ये जोस्लिन यांनी आपल्या एक हजार रुग्णांच्या अनुभवावर डॉक्टरांसाठी ग्रंथ लिहिला. दोनच वर्षांनी, १९१८ मध्ये, त्यांनी दुसरे पुस्तक काढले, ते रुग्णांसाठी. डॉक्टर आणि रुग्ण या दोघांनी मिळून वापरायची पुस्तिका, असे त्याच्या नावातच म्हटले होते. रुग्णाला रोगाचे नावसुद्धा सांगू नये, असे मानणारे डॉक्टर तेव्हा कमी नव्हते. अशा काळात रोगाची सगळी माहिती रुग्णाच्या हातात देणे हे धाडस होते. त्यांच्या हयातीतच या पुस्तिकेच्या अनेक आवृत्त्या निघाल्या.

पुस्तक वाचून सगळ्यांना समजते असे नाही, हेही त्यांना कळत होते. म्हणून त्यांनी खास तयार केलेल्या परिचारिका रुग्णांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. ही परिचारिका घरी राही. स्वयंपाकघरात उभी राहून वजनकाटा कसा वापरायचा ते दाखवी, घरातल्या भांड्यांची मापे ठरवून देई, तपासणी करून घेई आणि सगळे नीट बसले की पुढच्या घरी जाई. मधुमेहाचे शिक्षण देणाऱ्या परिचारिका आज जगभर आहेत. त्यांची परंपरा या फिरत्या परिचारिकांपर्यंत पोचते.

१९२१ मध्ये जोस्लिन यांनी मधुमेहाच्या प्रतिबंधावर एक लेख लिहिला. त्यात न्यू इंग्लंडमधल्या एका शांत गावातल्या रस्त्याचे वर्णन आहे. तिथे शेजारी शेजारी तीन घरे होती. त्यांत एकामागून एक राहायला आलेल्या सात कर्त्या माणसांपैकी सहा जण मधुमेहाने गेले. हेच मृत्यू विषमज्वराने झाले असते तर आरोग्य खाते धावून आले असते, गावाने उपाय मागितले असते. मधुमेहाचे मात्र कुणालाच काही वाटले नाही, हे त्यांचे दुःख होते. एकेका रुग्णाबरोबर गावालाही शिकवले पाहिजे, हा विचार त्यात आहे.

मग इन्सुलिन आले. कॅनडातल्या टोरोंटो शहरात १९२१ मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी ते शोधले आणि जानेवारी १९२२ मध्ये पहिल्यांदा एका मुलाला दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जोस्लिन यांच्या पहिल्या रुग्णाला ते मिळाले. ती स्वतः परिचारिका होती. उपासाच्या उपचारावर काही वर्षे तग धरून तिचे वजन जेमतेम तीस किलोवर आले होते. इन्सुलिन मिळाले आणि ती उठून चालू-फिरू लागली. पुढे ती वीस वर्षांहून अधिक जगली.

इन्सुलिन आल्यावर अनेकांना वाटले, प्रश्न सुटला. आता पथ्य आणि शिकवणी कशाला? जोस्लिन यांनी उलटे ओळखले. जे औषध जीव वाचवते तेच चुकीच्या मात्रेत जीव घेऊ शकते. काचेची सिरिंज उकळायची, मात्रा मोजायची, जेवणाआधी टोचायचे, घाम फुटून हातपाय थरथरायला लागले तर ताबडतोब साखर खायची, ताप-उलट्या असताना काय करायचे ते लक्षात ठेवायचे. इतके सगळे आता रुग्णाच्या हाती आले होते. म्हणजे शिकण्याचे ओझे कमी झाले नव्हते, वाढले होते. आहार, व्यायाम आणि इन्सुलिन हे तीन घोडे जोडलेला रथ, अशी उपमा ते देत. घोडे कितीही चांगले असले तरी लगाम रुग्णाच्या हातात असतात, आणि हाकायला शिकावे लागते.

बोस्टनच्या डिकनेस रुग्णालयात त्यांनी रुग्णांचे वर्गच सुरू केले. नवे आणि जुने रुग्ण एकत्र बसत. परिचारिका करून दाखवीत, मग रुग्ण करून दाखवीत. १९२४ मध्ये डॉ. प्रिसिला व्हाइट त्यांना येऊन मिळाल्या. मुलांचा मधुमेह आणि मधुमेही स्त्रियांचे बाळंतपण हे त्यांनी आपले क्षेत्र केले. १९३२ मध्ये जोस्लिन यांच्या गावाजवळ नॉर्थ ऑक्सफर्डला मधुमेही मुलींचे उन्हाळी शिबिर सुरू झाले. अमेरिकन रेड क्रॉसच्या संस्थापक क्लारा बार्टन यांचे ते जन्मस्थान. पुढे मुलांसाठीही वेगळे शिबिर निघाले. घरी एकटी सुई टोचून घेणारी मुलगी तिथे पाही, की शेजारची मुलगीही टोचून घेते आणि लगेच खेळायला पळते. हा धडा कोणत्याही डॉक्टरला खोलीत बसून देता येत नाही.

पायांकडेही त्यांचे असेच लक्ष होते. इन्सुलिनमुळे रुग्ण कोमातून वाचू लागले, अधिक वर्षे जगू लागले आणि मग पाय सडण्याचे प्रमाण डोळ्यांत भरू लागले. १९३४ मध्ये त्यांनी यावर लिहिले. पायाचे गँगरीन ही दैवाची देणगी नाही, ती बहुतेक वेळा न पाहिलेल्या जखमेतून येते, असे त्यांचे सांगणे होते. रोज पाय धुवा, बोटांच्या बेचक्यात पाहा, नखे जपून कापा, घट्ट जोडे घालू नका, पाय शेकू नका. आजही माझ्या वॉर्डात पाय गमावलेले जे रुग्ण असतात, त्यांच्यापैकी अनेकांना या पाच गोष्टी कुणी कधी बसवून शिकवलेल्या नसतात.

प्रौढ माणूस कसा शिकतो याचे शास्त्र बरेच नंतर तयार झाले. मोठ्या माणसाला गरज पटली की तो शिकतो. त्याच्या रोजच्या अडचणीला उपयोगी असेल तेच तो धरून ठेवतो. त्याचा आधीचा अनुभव विचारात घ्यावा लागतो, असे माल्कम नोल्स यांनी १९७० च्या दशकात मांडले. १९७७ मध्ये अल्बर्ट बंडुरा यांनी सांगितले, की माहिती असणे पुरेसे नाही. हे मला जमेल असा विश्वास असावा लागतो. तो विश्वास स्वतः करून पाहिल्याने येतो, आपल्यासारख्याच माणसाला करताना पाहिल्याने येतो, आणि कुणी पाठीवर हात ठेवल्यानेही येतो. त्याआधीच्या वर्तनवादी मानसशास्त्रज्ञांचा भर यावर होता, की केलेल्या गोष्टीचा परिणाम लगेच दिसला तर ती गोष्ट पुन्हा केली जाते. आता जोस्लिन यांच्या कामाकडे पाहा. परीक्षानळीत लगेच बदलणारा रंग, स्वयंपाकघरातली परिचारिका, शिबिरातली शेजारची मुलगी. सिद्धान्तांची नावे रूढ होण्याआधीच हा माणूस ते वापरत होता. रुग्णांकडे नीट पाहूनच तो तिथवर पोचला होता.

पाठीवर हात ठेवण्याचीही त्यांची एक रीत होती. इन्सुलिन घेत पंचवीस वर्षे काढूनही ज्यांचे डोळे आणि रक्तवाहिन्या शाबूत राहिल्या, अशा रुग्णांना ते पदक देत. तपासणी कडक असे. पदक मिळवणारे थोडे असत, पण ती माणसे इतरांना दाखवता येत.

इथे त्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जोस्लिन यांच्या शिकवण्यात शिस्तीचा भाग मोठा होता, आणि शिस्तीत नीतीचा सूर मिसळलेला होता. साखर आटोक्यात ठेवणारा रुग्ण सद्गुणी, न ठेवणारा हलगर्जी, असा भाव त्यांच्या लिखाणात आणि दवाखान्यात जाणवे. त्यांचे अनेक रुग्ण त्यांना मानत, पण धाकातही असत. धाकातला रुग्ण काय करतो ते आपल्याला माहीत आहे. तपासणीच्या आधी चार दिवस कडक पथ्य पाळतो, वहीत बरे आकडे लिहितो, चुकलेली गोळी सांगत नाही. शिवाय त्या काळची साधने अपुरी होती. सगळे नीट करूनही कित्येकांचे डोळे गेले, मूत्रपिंडे गेली. त्यांना रोगाबरोबर अपराधीपणाचेही ओझे वाहावे लागले. शिकवणारा परीक्षक झाला, की शिकणारा लपवायला लागतो. एसटीच्या काकांच्या बाबतीत मी नेमके हेच केले होते. जोस्लिन यांच्याकडून मी शिकवणे घेतले नव्हते, रागावणे मात्र घेतले होते.

साखर काटेकोर ठेवावी की नाही, यावर त्यांच्या हयातीत डॉक्टरांमध्ये मोठा वाद होता. रुग्णाला हवे ते खाऊ द्या, कोमा टाळला की झाले, असे म्हणणारे नामवंत डॉक्टर होते. जोस्लिन मागे हटले नाहीत. पण पुरावा द्यायला तेव्हा तसा अभ्यास नव्हता. २८ जानेवारी १९६२ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी ते वारले. अखेरपर्यंत ते रुग्ण पाहत होते. बोस्टनचे त्यांचे केंद्र आजही त्यांच्या नावाने चालते.

निकाल लागला तो १९९३ मध्ये. अमेरिका आणि कॅनडातल्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दिसले, की साखर काटेकोर ठेवल्यास डोळे, मूत्रपिंडे आणि नसा यांचे नुकसान खूप कमी होते. ज्यांच्या डोळ्यांत आधी बिघाड नव्हता, त्यांच्यात तो होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. साखर एकदम खाली जाण्याचे गंभीर प्रसंग मात्र सुमारे तिपटीने वाढले. या अभ्यासाचा एक भाग सहसा सांगितला जात नाही. काटेकोर गटातल्या रुग्णांना नुसते जास्त इन्सुलिन दिलेले नव्हते. त्यांना दर महिन्याला भेट होती, मध्ये फोन होते, परिचारिका आणि आहारतज्ज्ञ होते, आणि स्वतःची साखर तपासून मात्रा बदलायला त्यांना शिकवलेले होते. म्हणजे जोस्लिन यांची शाळाच तिथे भरली होती.

आता प्रश्न आपला. सरकारी ओपीडीत सकाळी दारापर्यंत रांग असते. एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. त्यात शाळा कुठे भरवायची? मीही वर्षानुवर्षे हेच कारण देत आलो. पण सिरिंजच्या त्या प्रसंगानंतर आम्ही दोन साध्या गोष्टी सुरू केल्या. पहिली, इन्सुलिन घेणारा प्रत्येक रुग्ण सिस्टरसमोर स्वतः सिरिंज भरून दाखवतो. समजले का, असे विचारायचे नाही. त्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. घरी कसे कराल ते दाखवा, असे म्हणायचे, आणि चुकले तर आपले सांगणे कमी पडले असे समजून पुन्हा दाखवायचे. दुसरी, बाहेरच्या बाकावर थांबलेल्यांना जुने रुग्ण शिकवतात. यात डॉक्टरचा वेळ जात नाही, उलट वाचतो.

रुग्णांनी आणि घरच्यांनीही एवढे करावे. तपासणीला येताना इन्सुलिनची बाटली आणि सिरिंज सोबत आणावी. बाटलीवर ४० लिहिले असेल तर लाल टोपण, १०० लिहिले असेल तर केशरी, हे दर वेळी पडताळावे. दोन्हीतले काही बदलले तर विचारल्याशिवाय टोचून घेऊ नये. साखर कमी झाल्याची लक्षणे घरातल्या दोघांना तरी माहीत असावीत. चुकलेला डोस, खाल्लेला पेढा, सगळे खरे सांगावे, आणि डॉक्टर रागावले तरी सांगावे. खोट्या आकड्यांवर ठरवलेली मात्रा रुग्णालाच महागात पडते.

एसटीचे काका अजून येतात. त्यांची साखर कधी बरी असते, कधी नसते. मंगळवारी ते जरा लवकर येतात आणि बाकावर बसून नव्या माणसांना दोन रंगांची टोपणे दाखवतात. लाल कुठले आणि केशरी कुठले, हे ते सांगत नाहीत. समोरच्याच्या हातात बाटली देतात आणि त्यालाच ओळखायला लावतात.